डॉक्टरांचे शिक्षक डॉक्टरच

सन्माननीय विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे जमाखर्च मांडताना ‘निरंतर वैद्यकीय शिक्षण’ या शीर्षाखालील रकमेविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. बाहेर रुग्णांची रांग असताना डॉक्टरांनी सभेस का बसावे, हा प्रश्न हिशेबाची वही सांभाळणाऱ्या आम्हांसही पूर्वी पडत असे.

त्याचे उत्तर मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावरील महाड परिसरात सापडते. १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानंतर उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय आणि पुढे फुप्फुसांत पाणी, अशा क्रमाने लहान मुलेही दगावत. डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी धोक्याची पूर्वलक्षणे मांडली, तर १९८६ साली प्राझोसिनचा उपयोग. रक्तदाबावरील ही साधी गोळी विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते.

तथापि, नियतकालिकातील लेखाने रुग्ण वाचत नाही. रात्री खेड्यातील डॉक्टरांना ती गोळी वेळेवर आठवावी लागते. तशाच अपुऱ्या साधनांत काम केलेल्या सहकाऱ्याचा शब्द डॉक्टरांना पटतो. व्याख्यानांतून व लेखांतून डॉ. बावस्करांनी हेच ज्ञान इतरांपर्यंत पोहोचविले. २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

हाच धडा आम्ही गिरवीत आहोत. दरमहा आपल्यापैकीच एक डॉक्टर एका रुग्णाची हकिकत सहकाऱ्यांपुढे मांडतात. कोठे उशीर झाला, काय चुकले, हेही सांगतात. ज्येष्ठ डॉक्टर आधी ऐकतात, मग बोलतात. परिसरातील खाजगी डॉक्टरांनाही निमंत्रण असते. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेस पाच वर्षांत ३० गुणांक लागतात. परंतु हजेरी म्हणजे शिक्षण नव्हे. म्हणून पुढील सभेत प्रथम हे पाहिले जाते, की मागील चर्चेने उपचारांत काही बदल झाला का.

औषध कंपन्यांकडून डॉक्टरांनी भेटी व प्रवासखर्च घेण्यास भारतीय वैद्यक परिषदेने २००९ सालीच मनाई केली. या सभांसाठीही आम्ही कंपन्यांपुढे हात पसरीत नाही. ज्याच्या पैशाने सभा भरते, त्याचेच औषध ओठांवर येण्याचा धोका असतो.

म्हणूनच हा भार आपल्या देणगीवर आहे. आपल्या नावाची पाटी लागेल अशी वास्तू यातून उभी राहणार नाही. मात्र एखाद्या रात्री योग्य उपचार योग्य वेळी आठवेल. हा खर्च आम्ही भांडवल समजतो आणि आपणही तसेच समजावे, ही नम्र विनंती.