परसातले तळे : आधी पाणसळ, मग कमळ

बंगल्याच्या परसात लहानसे तळे करून घेण्याची हौस वाढली आहे. बागकाम किंवा रोपवाटिकेचा व्यवसाय करणाऱ्या होतकरू तरुणांना ही कामे मिळू शकतात. मात्र बहुतेक जण आधी फुलांचा विचार करतात आणि तिथेच फसतात.

आम्हीही फसलो. आमच्या पहिल्या तळ्याची एक कड दुसरीपेक्षा तीन इंच खाली राहिली. पाणी भरताच एका बाजूने वाहू लागले व समोरचा काळा प्लॅस्टिक कागद उघडा पडला. सगळे उपसून पुन्हा करावे लागले आणि त्या कामातला नफा गेला. रोप मेले तर बदलता येते, कड चुकली तर तळेच उकरावे लागते. म्हणून खोदाईपूर्वी चारी बाजूंना खुंट्या ठोकून गवंड्याच्या पाणसळीने त्यांची पातळी जुळवा.

जागा व माप

रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. मोठ्या झाडाखाली पाला पडून पाणी कुजते. अंगणाच्या अगदी सखल भागात तळे केल्यास पावसाळ्यात गढूळ पाणी आत शिरते. समजा, तळे १० फूट लांब, ६ फूट रुंद व २ फूट खोल आहे. कागदाची लांबी काढताना तळ्याच्या लांबीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही कडांसाठी दोन फूट मिळवा. म्हणजे १६ फूट. रुंदीचा हिशेब तसाच, १२ फूट. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद घ्या. खाली दोन इंच बारीक वाळू पसरा, नाहीतर खडा टोचून गळती लागते. काठालगत एक फूट रुंद व नऊ इंच खोल पायरी ठेवा. जादा पाणी जाण्यासाठी जाळी बसवलेला पाइप लावा.

लागवड

कमळाची पाने पाण्याच्या वर उभी राहतात, कुमुदिनीची तरंगतात. लहान तळ्याला कुमुदिनी बरी. पसरट कुंडीत चिकणमाती भरा, ताजे शेण घालू नका, वर खडीचा थर द्या. कुंडी आधी उथळ पाण्यात ठेवावी, पाने वाढली की खाली उतरवावी. पायरीवर वेखंड, कर्दळ लावा. पानांनी निम्मे पाणी झाकले की शेवाळ आटोक्यात येते. सुरुवातीचे काही आठवडे पाणी हिरवे दिसते. गिऱ्हाईक घाबरून पाणी बदलायला सांगेल, बदलू नका. जलपर्णी मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

दोन जबाबदाऱ्या

साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. त्यासाठी गप्पी मासे सोडा, पण ते ओढ्या-नाल्यात जाऊ देऊ नका. दुसरी गोष्ट, दोन फूट पाण्यातही लहान मूल बुडू शकते. घरात लहान मुले असतील तर पाण्याच्या वर लोखंडी जाळी किंवा भोवती कुंपण हवेच. गिऱ्हाईक खर्चाला नको म्हणाले तर ते काम सोडून द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अंदाजपत्रक लेखी द्या. त्यात जाळी, मासे आणि वर्षभराची देखभाल वेगळी दाखवा. कुमुदिनीचे कंद दोन-तीन वर्षांनी विभागावे लागतात. एका तळ्यातून निघालेली जादा रोपे, मालकाशी आधी ठरवून घेतल्यास, पुढच्या तळ्याचे भांडवल होतात.