खांदेरीचा दिवा

दीपगृह म्हणजे बोटींना जवळ बोलावणारा दिवा, असे मला वाटायचे. गुरुजी म्हणाले, "उलट आहे रे. इथे खडक आहे, लांबून जा, असं तो सांगतो."

आपल्या पनवेलच्या खाडीचे पाणी ठाण्याच्या खाडीला मिळते व मुंबई बंदरातून समुद्रात जाते. तिथून दक्षिणेला गेले की थळ गावासमोर दोन बेटे लागतात, खांदेरी व उंदेरी. मुंबईला जाणारी गलबते इथूनच जात. म्हणून १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी लढाऊ गलबते पाठवली, पण काम थांबले नाही. पुढे बेट इंग्रजांकडे गेले आणि १८६७ साली त्यांनी तिथल्या टेकडीवर अष्टकोनी दीपगृह बांधले. (बेटावर एक दगड आहे. त्यावर दुसरा दगड मारला की भांड्यासारखा आवाज येतो म्हणे!)

दिवा टेकडीवरच का? पृथ्वी गोल आहे म्हणून. घरी करून पाहा. भोपळ्यावर आगपेटीची काडी टोचा आणि थोडे पलीकडे भोपळ्याला डोळा टेकवून बघा. काडी दिसत नाही. तिथेच उदबत्तीची लांब काडी टोचा, टोक दिसेल. पाण्यापासून २५ मीटर उंचीचा दिवा पाण्यालगतच्या डोळ्याला सुमारे १८ किलोमीटरवरून दिसतो. १०० मीटरवर नेला तर ३६ किलोमीटरवरून. उंची चौपट, पण अंतर दुप्पटच! टेकडी असली की तेवढा मनोरा बांधायचा वाचतो.

दिव्याभोवती काचेच्या कड्यांचे भिंग असते. ते उजेड इकडेतिकडे सांडू देत नाही, एका दिशेला फेकते. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते व ती नकाशात लिहिलेली असते. खलाशी झोत मोजतो आणि ओळखतो, हे खांदेरी, हे कुलाब्याचे.

मी विचारले, "मग रामदास बोट कशी बुडाली?" १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला येताना ती बुडाली व सहाशेच्या वर माणसे गेली. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेव्हा सकाळ होती. वादळी वारा आणि मोठ्या लाटा. बोट कलंडली. दिवा जागा दाखवतो, वारा थांबवत नाही." जे थोडे वाचले, त्यांतल्या कितीकांना कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले होते.