साडेतीन हजारांत न्हाणीघर

आमची सहा फूट बाय चार फुटांची बाथरूम बघून ठेकेदारानं कागदावर आकडा लिहिला, ८५ हजार. टाइल्स फोडायच्या, नळ बदलायचे आणि २० दिवस आंघोळीची सोय दुसरीकडे बघायची. खरं म्हणजे आमच्या तक्रारी चारच होत्या. नळ ठिबकत होता, टाइल्सचे सांधे काळे पडले होते, नहाणीतून वास यायचा आणि बाटल्या ठेवायला जागा नव्हती. चारही तक्रारी घरच्या घरी मिटल्या आणि खर्च आला ३,४४० रुपये. खालच्या किमती पुण्यातल्या, बहुतेक बोहरी आळीतल्या. तुमच्या गावी थोडं इकडंतिकडं होईल.

सजावटीच्या फोटोंमध्ये वेताच्या टोपल्या, लाकडी कपाटं आणि जमिनीवर पायपुसणं दिसतं. त्या बाथरुमा कोरड्या असतात. आपल्याकडे बादली-मग चालतो आणि कमरेच्या उंचीपर्यंत सगळं भिजतं. जमिनीवर ठेवलेली प्रत्येक वस्तू महिन्याभरात तळाशी बुळबुळीत होते. म्हणून आधी पाण्याची कामं करावीत आणि फळ्या शेवटी लावाव्यात. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

ठिबकणारा नळ किती पाणी खातो, ते रात्री खाली मग ठेवून मोजा. आठ तासांत एक लिटर भरलं, तर वर्षाचे हजार लिटर झाले. अर्धा फेरा फिरणाऱ्या नळाच्या आत स्पिंडल असतो, तो बहुधा १५० रुपयांत मिळतो. मात्र मापं वेगवेगळी असतात, म्हणून जुना स्पिंडल खिशात घालूनच दुकानात जा. जुन्या, बरेच फेरे घेणाऱ्या नळाला तर पाच-दहा रुपयांचा वॉशर पुरतो. काम सुरू करण्याआधी मुख्य कॉक बंद करा. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आहे. आमचे दोन नळ होते, ३०० रुपये. टेफ्लॉन टेप २० रुपयांची. आटे आपल्याकडे तोंड करून धरायचे आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर फिटिंग आवळताना ती सुटून येते.

जेट गळत असेल तर नवा ५५० रुपयांत येतो आणि हातानंच बसतो. वापर झाला की त्याचा अँगल कॉक बंद करायची सवय घरात लावा. नळीवर रात्रंदिवस दाब राहिला की ती एक दिवस फुटते, आणि फुटते ती घरात कोणी नसताना.

आता सांधे. पैसे आणि घाम दोन्ही इथेच जातात. सांधे काळे पडतात म्हणून आपण टॉयलेट क्लीनर ओततो. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्यामुळे काळपटपणा जातो, पण दर वेळी सांध्यातलं थोडं सिमेंटही जातं. मग तिथं पाणी मुरतं आणि सांधा आणखी लवकर काळा पडतो. व्हाइट सिमेंट स्वस्त असतं, पण ते सच्छिद्र असल्यामुळे वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तेच. एपॉक्सी ग्राऊटचा एक किलोचा संच मला ७०० रुपयांना मिळाला. २४ चौरस फुटांच्या जमिनीला तो पुरून उरतो. सांधे खरवडायची छोटी करवत १०० रुपयांची. जुना माल दोन-तीन मिलिमीटर खोल काढायचा, ब्रशनं धूळ झाडायची आणि सांधे पूर्ण कोरडे होऊ द्यायचे. एपॉक्सी एकदम कालवू नका. मूठभर कालवा, भरा, टाइलवर आलेलं ओल्या स्पंजनं लगेच पुसा, मगच पुढचं कालवा. मी पहिल्या वेळी अर्धा किलो कालवला. तो डब्यातच दगड झाला आणि तो डबा आता दाराला अडण म्हणून वापरतो.

कमोडभोवती आणि जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात ग्राऊट नको, तिथं सिलिकॉन. ट्यूब २५० आणि गन १५०.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खालच्या मजल्यावर ओल उतरली असेल, तर ग्राऊटनं ती थांबेलच असं नाही. आतलं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर टाइल्स फोडाव्या लागतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास-बाथरुमीतल्या अंतर्गत गळतीचा खर्च सदस्याचा असतो, संस्थेचा नाही. तेव्हा शेजाऱ्याशी वाद न घालता तपासणी करून घ्या.

नहाणीतला वास बऱ्याचदा फुकट जातो. नहाणी ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साचलेलं असतं आणि तेच खालचा वास अडवतं. वापरात नसलेल्या बाथरुमीत ते सुकतं. आठवड्याला एक मग पाणी ओतलं की झालं. आमच्याकडे झुरळंही होती, म्हणून १८० रुपयांची झुरळं अडवणारी जाळी बसवली. शॉवरच्या भोकांत साचलेल्या पांढऱ्या क्षारांवर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व चालतं, १०० ग्रॅम ४० रुपये. कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवून पिशवीत भरा आणि ती पिशवी रात्रभर शॉवरला बांधून ठेवा. शहाबादी फरशी किंवा संगमरवरावर मात्र ते सांडू नका, दोन्ही दगड ॲसिडनं खराब होतात. आणि ॲसिडचा क्लीनर व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

फळ्यांची पाळी आता. आधी सगळ्या बाटल्या बाहेर काढा. आमच्याकडे १९ निघाल्या, त्यातल्या सात रिकाम्या होत्या. उरलेल्यांना स्टीलचे दोन कोपरा-शेल्फ पुरले, १,००० रुपये. दुकानदार चुंबक चिकटत नाही हे दाखवून ‘३०४ ग्रेड’ म्हणून सांगेल. पण २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही आणि ओल्या जागेत तो लवकर गंजतो. शिक्का बघा, बिलावर ग्रेड लिहून घ्या. घासायचे ब्रश ठेवायला पाच लिटरचा तेलाचा कॅन तिरका कापला, तळाला भोकं पाडली आणि खिळ्याला अडकवला. खर्च शून्य. दिसायला सुंदर नाही, पण पाणी साचत नाही.

ड्रिल शेजाऱ्यांचं आणलं. टाइलचा बिट १००, गिट्ट्या आणि स्क्रू ५०. जागेवर कागदी चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरत नाही, आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवा. नळ, शॉवर किंवा गीझरच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, कारण आतले पाईप बहुधा त्याच रेषेत असतात. हे मी जुन्या घरात शिकलो. तिथं भिंतीतून कारंजं उडालं आणि प्लंबरचं बिल शेल्फच्या चौपट झालं.

घरात म्हातारं माणूस असेल तर धरायचा दांडा लावा, पण चिकटवायचा किंवा रबरी चकतीचा नको. तो भिंतीत ठोकलेलाच हवा, आणि भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर त्यासाठीच्या वेगळ्या गिट्ट्या मागा. गीझर आणि एक्झॉस्टच्या वायरिंगला हात लावू नका. तिथं इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्याच फेरीत अर्थिंग तपासून ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी आहे का ते बघायला सांगा.

ग्राऊटला २४ तास पाणी लागता कामा नये. ज्यांच्याकडे बाथरूम एकच आहे, त्यांनी शनिवारी रात्री सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर सुरुवात करावी. रविवारी आम्ही चौघं टॉवेल खांद्यावर टाकून समोरच्या काकूंकडे गेलो. तिथं चहा मिळाला आणि त्यांचाही नळ ठिबकत असल्याचं कळलं.