वर्गात हात वर का होत नाही?



"समजलं का?" विचारलं की अख्खा वर्ग "हो बाई!" म्हणतो. मलाही बरं वाटायचं. एकदा हातच्याची वजाबाकी शिकवून पाट्या तपासल्या, तर निम्म्यांची गणितं चुकलेली. मग कुणी विचारलं का नाही?

मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ च्या लेखात नियोजित वर्तनाचा सिद्धांत सविस्तर मांडला आहे. त्यानुसार माणसाचा हेतू तीन गोष्टींवर ठरतो :

१) वृत्ती – विचारून फायदा होईल का?
२) सामाजिक दबाव – बाकीचे हसतील का?
३) जमण्याची खात्री – मला नीट विचारता येईल का?

"शंका विचारा, लाजू नका" असं सांगून आपण फक्त वृत्तीवर काम करतो. मुलाला ते पटतंही. पण शेजारचा हसला की अर्धा वर आलेला हात खाली जातो.

म्हणून आता मी एक गणित देते. सगळे एकदम पाटी माझ्याकडे धरतात, त्यामुळे कुणाचं बघून "हो" म्हणायची सोय राहत नाही. शंकेसाठी वाक्यही दिलंय : "बाई, इथपर्यंत समजलं, पुढचं नाही."

पालकहो, घरी "एवढंही येत नाही?" हे वाक्य टाळूया. मुलाचा हात तिथूनच खाली जायला लागतो.