शरीराचेच प्रथिन, मग औषध म्हणून धोक्याचे का?

प्रश्न : इंटरल्यूकिन हे रोगप्रतिकाराचे प्रथिन शरीरातच तयार होते. मग ते टोचून कर्करोग सरसकट बरा का करत नाहीत?

उत्तर : काही रुग्ण त्याने खरोखर बरे झाले आहेत. अमेरिकेत इंटरल्यूकिन-२ला १९९२मध्ये मूत्रपिंडाच्या आणि १९९८मध्ये मेलानोमा या त्वचेच्या, शरीरभर पसरलेल्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. गाठी लक्षणीय आकसल्या त्या सुमारे १५ टक्के रुग्णांच्याच. आकडा लहान आहे, हा आक्षेप रास्तच. पण ज्यांच्या गाठी पूर्ण नाहीशा झाल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांचा रोग वर्षानुवर्षे उलटला नाही, आणि पसरलेल्या कर्करोगात त्या काळी हे जवळपास अशक्यच मानले जाई.

अडचण मात्रेची आणि जागेची आहे. शरीर हे प्रथिन गरजेच्या जागी, अत्यल्प प्रमाणात आणि थोडाच वेळ सोडते. शिरेतून मोठी मात्रा दिली की ते सर्वत्र पोहोचते, केशवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, फुप्फुसांत पाणी साचते. शिवाय कर्करोगाच्या पेशींना मारणाऱ्या टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींबरोबर प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या टी-पेशीही त्याच प्रथिनाने वाढतात. म्हणून ‘शरीराचेच, म्हणजे निर्धोक’ हा तर्क टिकत नाही. मात्रा वाढवण्यापेक्षा प्रथिन गाठीपाशीच पोहोचवणे मला अधिक आश्वासक वाटते. इंटरल्यूकिन-१५वर आधारित औषध मूत्राशयातच सोडतात. बीसीजी या लशीच्या उपचाराला दाद न देणाऱ्या मूत्राशयाच्या विशिष्ट कर्करोगासाठी त्याला बीसीजीसोबत वापरण्याची अमेरिकेत २०२४मध्ये मान्यता मिळाली.

‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ गोळ्यांचा या उपचाराशी काहीही संबंध नाही. कृपया त्यांच्या भरवशावर कर्करोगतज्ज्ञांचे उपचार थांबवू नका.