स्टेअरिंग कधी हलकं, कधी घट्ट : असं का?



आता पुष्कळ सभासदांच्या दारात ट्रॅक्टरशेजारी मोटारही उभी असते. या मोटारीचं स्टेअरिंग सांगोल्याच्या बाजारात दोन बोटांनी फिरतं. पण मिरजेच्या हमरस्त्याला लागून वेग घेतला, की तेच घट्ट होतं. कित्येकांना हा बिघाड वाटतो. तो बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे.

उभ्या गाडीचं चाक वळवताना टायर जमिनीवर घासतो, म्हणून जोर जास्त लागतो. गाडी पळू लागली की चाक सहज वळतं. तेव्हाही स्टेअरिंग हलकंच राहिलं, तर जरा हात हलताच गाडी बाजूला जाईल. म्हणून मदत सावकाश चालताना जास्त आणि वेगात कमी हवी.

जुन्या पद्धतीत इंजिनाच्या पट्ट्यावर तेलाचा पंप फिरतो. स्टेअरिंग फिरवलं की आतल्या बारीक दांडीला पीळ बसतो, झडप उघडते आणि दाबाचं तेल चाक वळवायला मदत करतं. पुढे गाडीचा वेग मोजून तेल कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आली. सुझुकीनं १९८८ साली जपानात सर्वो या मोटारीत तेलाऐवजी विजेची मोटर बसवली. या पद्धतीत एक सेन्सर हाताचा जोर मोजतो, दुसरा गाडीचा वेग. पेटी दोन्हींचा हिशेब करून मोटरला लागेल तेवढाच करंट सोडते.

आपल्या ट्रॅक्टरचं पॉवर स्टेअरिंग मात्र साधारणपणे तेलाचं असतं. वेग ओळखून घट्ट होणारी पेटी त्यात नसते; ते काम ड्रायव्हरनंच करायचं. शिवाय ट्रॉलीचा भार मागच्या हुकावर आला की पुढची चाकं हलकी होतात. मग स्टेअरिंग फिरतं, पण ट्रॅक्टर वळत नाही! पंप हाताला मदत देतो, चाकाला पकड देत नाही.

म्हणून आम्ही सांगतो :

१) डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नका. पंप थांबतो आणि स्टेअरिंग एकदम जड होतं.
२) तेलाची पातळी, पट्टा आणि नळ्या हंगामाआधी तपासा.
३) स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून दाबून धरू नका, तेल तापतं.
४) ट्रॉलीत ऊस बेतानं भरा आणि वळणाआधीच वेग कमी करा.

हे आपल्या ड्रायव्हरलाही वाचून दाखवावं. ऊस काट्यावर तासभर उशिरा पोचला तरी चालेल, माणूस घरी सुखरूप पोचला पाहिजे.