घरकुल आणि त्याखालची जमीन

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुका हा कापूस पिकविणारा प्रदेश. कापसाला मानवणारी येथील काळी जमीन घराच्या पायाला मात्र मानवत नाही. ग्रामीण गृहनिर्माणाची चर्चा बहुधा अनुदानाची रक्कम आणि लाभार्थींची संख्या यांभोवतीच फिरते. परंतु घरकुल उभे राहते की नाही आणि उभे राहिलेले टिकते की नाही, हे दोन्ही प्रश्न अखेर त्याखालच्या जमिनीशी येऊन ठेपतात. ती जमीन कोणाची आणि ती कशी, याचा विचार आधी व्हावयास हवा.

योजनांची वाटचाल

१९८५ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना १९९६ पासून स्वतंत्रपणे राबविली जाऊ लागली. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) घेतली. त्या वेळी घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले. सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले आणि त्यास रोजगार हमीच्या मजुरीची व शौचालयाच्या १२ हजार रुपयांच्या अनुदानाची जोड देण्यात आली. अनुसूचित जातींसाठी रमाई व अनुसूचित जमातींसाठी शबरी या राज्याच्या आवास योजना आहेत. तालुक्यातील पोडांवर राहणाऱ्या कोलामांसारख्या आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन अभियान सुरू झाले; त्यात घरासाठी २ लाख रुपयांची तरतूद आहे.

जागा कोणाची?

योजनेत नाव असूनही ज्याच्या नावे जागा नाही, त्याचे घरकुल कागदावरच राहते. वडिलोपार्जित घराची भावाभावांत तोंडी वाटणी होते, नमुना ८ मध्ये मात्र नाव एकाचेच असते. कोणी पिढ्यान्‌पिढ्या सरकारी जागेवर राहत असतो. यासाठी राज्याने २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आणली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी प्रारंभी कमाल ५० हजार रुपयांचे साहाय्य होते. पुढे ही मर्यादा १ लाखापर्यंत वाढविण्यात आली.

माती कशी?

काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ही हालचाल घराखाली सर्वत्र सारखी नसते. कडेची माती लवकर भिजते व लवकर सुकते, मधली तशीच राहते. परिणामी दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून भिंतींना तिरप्या चिरा पडतात. पऱ्हाट्यांच्या वा बांबूच्या कुडाला मातीचा लेप देऊन बांधलेले जुने घर हलके व लवचिक असते. ते जमिनीबरोबर थोडे हलते आणि लिंपणाने सावरते. विटांची ताठर भिंत तसे करू शकत नाही.

यावर उपाय आहेत. पाया भेगांच्या थराखाली, शक्य तेथे मुरमापर्यंत न्यावा. खोदलेली काळी माती पुन्हा न भरता मुरूम थराथराने, पाणी मारून व धुमस करून भरावा. जोत्याच्या पातळीवर सलोह काँक्रीटची सलग पट्टी घालावी. घराभोवती बाहेरच्या बाजूस उतार देऊन पागोळ्यांचे व मोरीचे पाणी दूर काढावे. माती फार खोल असल्यास तळाशी फुगीर असणारे काँक्रीटचे खांब वापरता येतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत विकसित केली आहे.

ग्रामपंचायतीचे कार्य

अडचण अशी, की पायावरील खर्च जमिनीत गाडला जातो. बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे घेतली जातात, पण जोते भरल्यावर पायाची खोली कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. साहजिकच काटकसर तेथेच होते. म्हणून पाया भरण्यापूर्वी ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याने चर प्रत्यक्ष पाहावा, असा आग्रह ग्रामपंचायतीने धरावा. त्याआधी, लाभार्थींची यादी ग्रामसभेपुढे येते तेव्हाच प्रत्येकाच्या जागेची नोंद तपासून वाद मिटवावेत. या दोन कामांना पैसा थोडा आणि लक्ष अधिक लागते. पहिला हप्ता देण्यापूर्वी ती झाली, तर आयुष्यात एकदाच मिळणारे साहाय्य दोन-चार पावसाळ्यांत चिरा पडून वाया जाणार नाही.